आजी-आजोबांशी शाळेच्या गाडीच्या गप्पा कशा माराव्यात

विसरायला लागलेल्या आजी-आजोबांशी त्यांच्या शाळेला जायच्या दिवसांच्या गप्पा मारायला बसणार असाल, तर आधी ते पिवळ्या स्कूलबसचं चित्र बाजूला ठेवा. इंटरनेटवरून छापून आणलेली अशी चित्रं घेऊन येणारे स्वयंसेवक मी बरेच पाहिलेत. आज ऐंशीच्या घरात असलेल्या खेड्यातल्या माणसाचा त्या बसशी काय संबंध? त्याची गाडी म्हणजे एसटी. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे ते नगर धावली. म्हणजे ही माणसं आणि एसटी एकत्रच मोठी झाली. कुणाच्या गावात ती हायस्कूलच्या वयात आली, कुणाच्या गावात आलीच नाही आणि ते रोज चार-पाच मैल पायी गेले. चालणाऱ्यांनाही गप्पांत घ्या, धुरळा उडवत पुढे गेलेली गाडी त्यांच्या चांगली लक्षात असते. मुंबईत वाढलेल्यांशी बेस्टबद्दल बोला आणि 1964 साली बंद झालेल्या ट्रामबद्दलही. गोव्यातल्या आजोबांपुढे मात्र तिथल्या कदंब बसचा विषय काढू नका, ते महामंडळ 1980 चं आहे.

मी आमच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात दर गुरुवारी अशा गप्पांची बैठक घेते. सहा ते आठ जण पुरेत. सकाळचा चहा झाल्यावर गोलात बसवा, टीव्ही बंद करा, कमी ऐकू येणाऱ्यांना स्वतःजवळ घ्या. पाऊण तासावर ताणू नका.

वस्तू थोड्याच आणा, पण हातात घेता येतील अशा: जुनी कागदी तिकिटं, तिकिटाला भोक पाडायचा कंडक्टरचा चिमटा, एक घंटी, कापडी पिशवीचं दप्तर, मोठा रुमाल. जुन्या बाजारात बरंच काही मिळतं. लिमलेटच्या गोळ्याही ठेवा, मात्र मधुमेह कुणाला आहे ते घरच्यांना आधी विचारा.

आता खरी अडचण. सुरुवात कशी करायची?

सगळीकडे एकच सल्ला मिळतो: प्रश्न विचारा, बोलतं करा. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. एका काकांना विचारलं, ‘‘काका, तुमच्या गाडीचा कंडक्टर आठवतो का?’’ काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘आता काही आठवत नाही, बाई.’’ त्यानंतर ते खिडकीबाहेर बघत बसले. स्मरणशक्ती सुटत चाललेल्या माणसाला ‘आठवतं का?’ म्हणजे चारचौघांत घेतलेली तोंडी परीक्षा. सकाळी काय खाल्लं ते त्याला सांगता येत नाही आणि शाळेचा रस्ता अजून सांगता येतो, हे खरं आहे. पण तो रस्ताही बोलावल्याबरोबर समोर येत नाही. तो हाताला, नाकाला, कानाला काहीतरी लागलं की येतो.

म्हणून विचारू नका. रुमाल काकांच्या हातात द्या आणि अर्धंच वाक्य बोला: ‘‘गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा...’’ आणि थांबा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. हे वीस आकडेच कुणाला जमत नाहीत. सातव्या-आठव्या आकड्याला आपल्याला वाटतं की यांना काही सुचत नाहीये, आणि आपण दुसरा प्रश्न टाकतो. इकडे काका नुकतेच स्टँडवर पोचलेले असतात, आपण त्यांना परत खोलीत ओढून आणतो. मला हे गप्प बसणं शिकायला दोन वर्षं लागली. घंटीचंही तसंच. एक टोला वाजवा, थांबा. मग दोन वाजवा. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे सांगायला लागत नाही. कुणीतरी ‘‘चला मास्तर!’’ म्हणतंच.

कंडक्टरला तेव्हा मास्तर म्हणत, शाळेतल्या गुरुजींनाही मास्तरच. दोघांची सरमिसळ होते. होऊ द्या. 1957 ला नवे पैसे आले, त्यामुळे तिकिटाचे आणे आणि पैसेही एकमेकांत मिसळतात. मागे बसलेले नातेवाईक लगेच म्हणतात, ‘‘नाही बाबा, तेव्हा तुम्ही सातवीत होतात.’’ त्यांना बाहेर चहाला पाठवा. मी अगदी स्पष्ट सांगून पाठवते.

गप्प राहणं सगळ्यात अवघड जातं ते कुणी रडायला लागलं की. आमच्या एका आजींची शाळा चौथीला सुटली. पुढची शाळा तालुक्याला, आणि पोरीला गाडीत बसवायचं नाही असं घरात ठरलेलं. भावाला मात्र रोज गाडीवर पोचवायला त्याच जायच्या. हे सांगता सांगता त्यांना रडू आलं. मी घाबरले, ‘‘जाऊ द्या आजी, झालं ते झालं’’ म्हणाले आणि घाईघाईनं सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं. आजी पुढचे दोन गुरुवार आल्या नाहीत. माझ्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक. त्या परत आल्या तेव्हा मी शेजारी बसले, बराच वेळ काही बोलले नाही. त्यांनी माझा हात धरला तेव्हा एवढंच विचारलं, ‘‘गाडी गेल्यावर तुम्ही काय करायचात?’’ मग समजलं की संध्याकाळी भाऊ उतरला की त्याचं दप्तर त्या स्वतः उचलायच्या, आणि घरी पोचेपर्यंत वाटेत त्याच्याकडून दिवसभराचे धडे म्हणून घ्यायच्या. ‘‘सातवीपर्यंतचं गणित मला येतं,’’ आजी म्हणाल्या, आणि बाकीच्यांनी तिथल्या तिथे त्यांना हिशेब घातले.

तेव्हा डोळे पुसायला घाई करू नका, विषयही बदलू नका. फार त्रास होतोय असं दिसलं तर त्यांना घेऊन शांतपणे बाहेर बसा, बाकीच्यांचं चालू राहू दे.

शेवटी गोळ्या वाटा आणि जो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. पुढच्या गुरुवारी त्यातलं एक वाक्य वाचा आणि पुन्हा वीसपर्यंत मोजायला लागा.