बस सरकण्याआधी काय बघायचं : मेकओव्हरचा एपिसोड नीट कसा पाहावा

नवं घर झाकून उभी असलेली बस बाजूला होते, आई तोंडावर हात ठेवून रस्त्यातच मटकन खाली बसते, पोरं ओरडत सुटतात आणि इकडे सोफ्यावर कुणीतरी चष्मा काढून पुसायला लागतं. ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन’ म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं. एबीसी वाहिनीवर डिसेंबर २००३ मध्ये सुरू झालेली ही अमेरिकन मालिका २०१२ पर्यंत चालली. सूत्रसंचालक टाय पेनिंग्टन हातात भोंगा घेऊन भल्या सकाळी एखाद्या गरजू कुटुंबाच्या दारात उभा राहायचा, त्यांना सहलीला पाठवायचा, तेवढ्यात त्यांचं घर नव्याने उभं राहायचं आणि सात दिवसांनी तो ‘मूव्ह दॅट बस!’, म्हणजे ‘ती बस हलवा!’, म्हणायचा. पुढे २०२० मध्ये एचजीटीव्ही वाहिनीने आणि २०२५ मध्ये पुन्हा एबीसीने ती नव्या मंडळींना घेऊन आणली.

मोबाइलवर फिरतो तो फक्त बसचा तुकडा. त्यात माणसांचे चेहरे दिसतात, घर दिसत नाही. रडायला तेवढं पुरतं. पण स्वतःच्या घराचं काम काढायचंय, किंवा हे घर त्या माणसांना खरोखर उपयोगी पडेल का एवढं जरी जाणून घ्यायचं असेल, तर पूर्ण एपिसोड लागतो आणि तो दोनदा बघावा लागतो.

पहिल्यांदा रिमोट लांब ठेवा

पहिल्या वेळी थांबवायचं नाही. बस सरकायच्या क्षणी ‘थांब, ती खिडकी बघू दे’ म्हणून पॉज करणाऱ्याला घरात कुणी माफ करत नाही, आणि ते बरोबरच आहे. तासाभराच्या स्लॉटमधून जाहिराती वगळल्या की साधारण ४२ ते ४४ मिनिटं उरतात. जेवणं उरकून बसलात तर एका बैठकीत होतं.

एक काळजी घ्या. सुरुवातीची कहाणी बहुतेक वेळा आजारपण, अपघात किंवा घरातल्या माणसाचा मृत्यू अशी असते आणि ती संगीत लावून, पुरेसा वेळ घेऊन सांगतात. सोबत बसणाऱ्यांपैकी कुणाकडे नुकतंच काही घडलं असेल तर पहिली पाच मिनिटं आधी एकट्याने बघून ठेवा.

दुसऱ्यांदा कागद घेऊन

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘काय अडत होतं’, उजवीकडे ‘काय मिळालं’. डावी बाजू पहिल्या दहा मिनिटांतच भरते. कुटुंबाने पाठवलेला व्हिडिओ तेव्हाच दाखवतात आणि मग मंडळी जुन्या घरातून फिरतात. तिथे प्रत्येक तक्रार टिपा, तीही नेमकी. ‘घर लहान’ एवढं लिहून पुढे काही कळणार नाही. ‘मुलाला रोज उचलून तीन पायऱ्या चढवतात’, ‘सहा जणांत एक बाथरूम’, ‘बुरशीमुळे मुलीचा दमा वाढतो’ असं लिहा. नंतर दाखवलेलं घर याच यादीवर तपासायचं आहे. ही यादी नसेल तर दगडी शेकोटी आणि भिंतभर टीव्ही बघूनच आपण खूश होतो.

मधला भाग, म्हणजे पाडापाडी आणि निळे टी-शर्ट घातलेली गर्दी, पळवला तरी चालेल. पहिल्या पर्वात बरीच घरं दुरुस्त केली होती, नंतर मात्र जुनं घर सरळ पाडून नवं उभारायची पद्धत पडली. पळवताना एकाच ठिकाणी थांबा : छप्पर चढताना. लाकडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, ट्रेलरवरून तयार येतात आणि क्रेन त्या एकामागून एक ठेवते. ‘इतक्या लवकर कसं झालं’ याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं पडद्यावर येतच नाही : नकाशे आधीच झालेले असतात, परवानग्या आधीच काढलेल्या असतात आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी पाळ्या लावून रात्रंदिवस काम करतात. बांधकामाचा हिशेब ते १०६ तासांचा सांगायचे. भिंती जिप्सम बोर्डाच्या असतात. त्यांचे सांधे भरायची साधी लांबी (पुट्टी) वाळायला थरामागे दिवसभर घेते, म्हणून २०, ४५ किंवा ९० मिनिटांत घट्ट होणारी पावडर वापरायची सोय आहे.

आपल्या कंत्राटदारासमोर हे उदाहरण ठेवू नका. आरसीसी स्लॅबवर साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस पाणी मारायला आपलं आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, सांगतं. स्लॅबच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) टेकू सात दिवस काढायचे नाहीत, त्याहून मोठा गाळा असेल तर चौदा. त्यांचं आख्खं घर जेवढ्या दिवसांत होतं, तेवढे आपल्याकडे पाणी मारण्यातच जातात.

खोली किती मोठी, ते पडद्यावरच मोजा

आतून घर दाखवतात तेव्हा कॅमेऱ्याला रुंद लेन्स असते, त्यामुळे दहा फुटांची खोली पंधराची वाटते. ‘त्यांच्या खोल्या केवढ्या असतात!’ हा निष्कर्ष इथेच चुकतो. पण अमेरिकन घरात काही मापं ठरलेली असतात, त्यांचा पट्टीसारखा उपयोग होतो. आतला दरवाजा बहुतेक वेळा ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच उंच असतो. स्वयंपाकघराचा ओटा ३६ इंच उंच, डिशवॉशर २४ इंच रुंद, क्वीन पलंगाची गादी ६० बाय ८० इंच.

मोजायचं असं. दरवाजा आणि अख्खी भिंत समोरून दिसेल तिथे पॉज करा. पट्टी पडद्याला लावून दरवाज्याची उंची घ्या. समजा १० सेंटिमीटर आली. म्हणजे पडद्यावरचा १ सेंटिमीटर खऱ्या घरातले ८ इंच झाला. तीच भिंत पडद्यावर १८ सेंटिमीटर भरली तर ती १४४ इंच, म्हणजे १२ फूट. बस, बारा फूट! आपल्या बेडरूमपेक्षा फार मोठी नाही.

यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे दरवाजा एका भिंतीत आणि मोजतोय दुसरी भिंत. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे सगळं गणित फसतं. दुसरी म्हणजे पडद्याच्या कडेची वस्तू मोजणं. रुंद लेन्स कडेला ताणते, म्हणून माप नेहमी मध्यभागातलं घ्यावं. फरशीवरून मोजू नका, टाइल कुठल्याही मापाची असू शकते.

याच मोजणीतून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. ३६ इंचांचा ओटा बघून तसाच करून घेतला तर पाच फूट उंचीच्या बाईचे खांदे पोळ्या लाटताना दुखायला लागतात. ओटा उभ्याने कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा. टीव्हीवरच्या घराचा रंग घ्या, कपाटांची मांडणी घ्या, उंची मात्र आपल्या कोपरावरून घ्या.

व्हीलचेअर असेल तर सगळा एपिसोड तिथेच आहे

या मालिकेत घरातलं एक माणूस व्हीलचेअरवर असलेले भाग बरेच आहेत आणि बघायला सगळ्यात जास्त मिळतं ते त्यांतच. अमेरिकेतली एडीए मानकं, म्हणजे अपंगांच्या सोयीसाठीच्या कायद्याची मापं, खासगी घरावर बंधनकारक नाहीत, पण तपासायला मोजपट्टी म्हणून उत्तम आहेत. दार उघडल्यावर मोकळी जागा ३२ इंच हवी. खुर्ची गोल वळवायला ६० इंच व्यासाची जागा हवी. कमोडशेजारचा धरायचा दांडा ३३ ते ३६ इंचांवर.

बस सरकली की सगळे घराच्या तोंडवळ्याकडे बघतात. तुम्ही जमिनीकडे बघा. रॅम्प आहे का, आणि किती लांब? उताराचा नियम एकास बाराचा : एक इंच उंची चढायला एक फूट लांबी. सात इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे २१ इंच, म्हणजे २१ फुटांचा रॅम्प. तिथे आठ फुटांची सुबक फळी टाकलेली दिसली तर ते माणूस स्वतःच्या हातांनी वर जाणार नाही, मागून कुणीतरी ढकलणार. चांगल्या एपिसोडमध्ये रॅम्प वेगळा दिसतच नाही. अंगणच हळूहळू चढत दारापर्यंत जातं आणि उंबऱ्याला ठेच लागत नाही.

मग बाथरूम. इथे चित्र सेकंद-दोन सेकंदच टिकतं, त्यामुळे पॉज करावाच लागतो. शॉवरच्या तोंडाशी कठडा आहे की फरशी सपाट आत जाते? सपाट असेल तर पाणी जायची जाळी कुठे आहे ते शोधा, कारण कठडा नसला की सगळी भिस्त उतारावर. बेसिनखाली कपाट आहे का? असेल तर खुर्चीवरच्या माणसाचे गुडघे आडवे येणार आणि नळापर्यंत हात पोहोचणार नाही. तिथे २७ इंच उंचीची मोकळी जागा हवी आणि गरम पाण्याच्या पाइपला वेष्टण हवं, कारण पायांना संवेदना नसेल तर भाजलेलं कळतही नाही. कागदाच्या डाव्या बाजूला ‘मुलाला उचलून नेतात’ असं लिहिलं असेल, तर उजव्या बाजूचं उत्तर दिवाणखान्यात शोधू नका, ते या चौकटीत आहे. घरी म्हातारं माणूस असेल तर हीच मापं आपल्याही कामाची.

मुलांच्या खोल्या मात्र आम्हाला पटत नाहीत. रेसिंग कारचा पलंग, भिंतीतून निघालेलं जहाज, छताला टांगलेलं विमान. बघताना मजा येते, पण आठ वर्षांचं पोर सहा वर्षांत चौदाचं होतं. बघायचं ते एवढंच की सजावट ठोकलेली आहे की काढता येते. रंग, पडदे, चादरी बदलता येतात. भिंतीत बोल्टने बसवलेलं जहाज काढलं की भोकं उरतात. टाय पेनिंग्टनची ‘गुपित खोली’ शेवटी उघडते, तिलाही हाच प्रश्न विचारा.

कॅमेऱ्याची करामत ओळखा

कुटुंब खोलीत शिरतं तो शॉट आणि त्याच खोलीवरून कॅमेरा संथपणे फिरतो तो शॉट वेगवेगळ्या वेळी घेतलेले असतात. पुरावा उशांत सापडतो. एका शॉटमध्ये पोरं सोफ्यावर उड्या मारतात, पुढच्याच शॉटमध्ये उशा इस्त्री केल्यासारख्या उभ्या. बाहेर सावल्या बघा, बससमोर एकीकडे पडलेली सावली घराच्या मोठ्या दृश्यात भलतीकडे असते. ही फसवणूक नाही, चित्रीकरण असंच होतं. पण खोलीत उजेड किती येतो हे अशा दृश्यांवरून ठरवू नका. तिथे दिवे लावलेले असतात.

हिरवळीत आडव्या-उभ्या पुसट रेघा दिसल्या तर ती गुंडाळ्यांनी आणून पसरलेली आहे. झाडं एकमेकांना खेटून, सगळी एकदम फुलावर असतात. त्यांना वाढायला जागा ठेवलेली नसते. बागेची कल्पना उचलायची असेल तर रोपं निम्मी करा.

पैशाचा प्रश्न

शेवटी काही भागांत कर्जफेडीचा चेक येतो आणि पुन्हा रडारड होते. तिथे कागदावर तिसरी ओळ लिहा : दरमहा काय खर्च? अमेरिकेत मालमत्ता कर घराच्या ठरवलेल्या किमतीवर लागतो, त्यामुळे जुन्या खोपट्याच्या जागी मोठं घर आलं की कर वाढतो. खोल्या वाढल्या की हीटिंग आणि एसीचं बिलही वाढतं. २००५ मध्ये जॉर्जियातल्या लेक सिटीला बांधून दिलेलं घर तारण ठेवून साडेचार लाख डॉलर कर्ज काढलं गेलं आणि २००८ मध्ये ते लिलावाच्या यादीत आलं. आयकराचीही एक गंमत होती. राहतं घर वर्षात पंधरा दिवसांपेक्षा कमी भाड्याने दिलं तर ते भाडं तिथे करमुक्त असतं. निर्माते घर तेवढ्या दिवसांपुरतं भाड्याने घ्यायचे आणि बांधकाम म्हणजेच भाडं असं धरायचे. हे बसतं का, यावर करतज्ज्ञांनी तेव्हाच शंका काढली होती.

म्हणून छतावर सोलर आहे का, भिंतीत इन्सुलेशन भरताना दाखवलंय का, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का, हे टिपा. यातलं काही दिसलं तर शेकोटीपेक्षा त्याला जास्त गुण द्या.

आणि तुमचं घर वन बीएचके असेल तर जपानची ‘बिफोर आफ्टर’ बघा. ही २००२ मध्ये सुरू झाली. अरुंद, कोंदट, जिन्यात डोकं आपटेल अशी घरं, आणि खर्च घरमालकाचा स्वतःचा. नवी खोली दिसली की निवेदिका ‘नान तो इउ कोतो देश्यो’ म्हणते, म्हणजे ‘काय हे नवल!’. जिन्याच्या पायरीत खण, ओट्याखालून निघणारं जेवणाचं टेबल, एका भिंतीत तीन कामं. सगळं दाखवून झालं की खर्चाचा आकडा पडद्यावर येतो. तो फार वेळ थांबत नाही, तेवढ्यासाठी रिमोट हातात ठेवा.