परागकणांवरून फुलझाडांचे नाते कसे वाचावे

सोनचाफा, कांद्याचा डेंगळा आणि मोहरी या तीन फुलांचे पराग हाताशी असले की सुरुवात करता येते. तिघांचा हंगाम एक नसला तरी बिघडत नाही. परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन या अत्यंत चिवट द्रव्याचे असल्यामुळे कागदी पुडीत सुकवलेला परागही नंतर उपयोगी पडतो. फूल मात्र परागकोश फुटण्याच्या बेतात असलेले निवडावे, कारण उमललेल्या फुलावर मधमाश्यांनी आणलेले परके परागही चिकटलेले असतात.

परागकोश काचपट्टीवर सुईने फोडून वर स्पिरिटचा एक थेंब सोडावा, म्हणजे कणांवरचे तेल कडेला सरकते आणि ते कापसाने टिपून घेता येते. स्पिरिट उडाल्यावर सॅफ्रॅनिन हा लाल रंग घातलेल्या ग्लिसरीन जेलीचा मुगाएवढा तुकडा ठेवून काच किंचित गरम करावी आणि वर पातळ कव्हरस्लिप ठेवावी. आम्लात उकळून कण स्वच्छ करण्याची अ‍ॅसिटोलिसिस ही पद्धत अधिक स्पष्ट चित्र देते, पण ती धोकादायक आहे. प्रयोगशाळेबाहेर तिच्या वाटेला जाऊ नये.

परागकणाच्या कवचावरच्या लांबट चिरेला इथे खाच म्हटले आहे. मोहरीच्या कणावर अशा तीन खाचा असल्याने तो वरून पाहिला तर तीन पाकळ्यांसारखा दिसतो, बाजूने पाहिला तर एखाददुसरीच खाच दिसते, आणि नवशिक्या इथेच हमखास चुकतो. म्हणून जेली घट्ट होण्यापूर्वी कव्हरस्लिपवर सुईने हलके टिचकावून कण लोळवावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली चारशे पट मोठे करून प्रत्येक फुलाचे निदान वीस कण पाहावेत. सोनचाफ्याच्या होडीसारख्या कणावर एकच लांब खाच असते, कांद्याच्या कणावरही तशीच.

यावरून चाफा आणि कांदा सख्खे ठरत नाहीत. एक खाच हे फुलझाडांचे जुने लक्षण असून ते अनेक शाखांत नुसते टिकून राहिले आहे. तीन खाचा मात्र नंतर आल्या, सुमारे 12.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत त्यांचे जीवाश्म सापडू लागतात, आणि फुलझाडांच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जाती ज्या खऱ्या द्विदल शाखेत मोडतात तिची ती खूण आहे. नात्याचा पुरावा नव्या लक्षणात शोधायचा असतो. कमळ आणि कुमुद एकाच तळ्यात वाढतात आणि पूर्वी एकाच कुळात धरले जात. पण कमळाच्या कणावर तीन खाचा आहेत, कुमुदाच्या कणाला मात्र कडेने कड्यासारखी एकच खाच फिरते. पुढे जनुकांच्या अभ्यासानेही कमळ खऱ्या द्विदलांतच नेऊन बसवले.

तरीही एका लक्षणावर विसंबू नये. मसाल्यातल्या चक्रफुलाच्या कणावरही तीन खाचा असतात, पण त्या वेगळ्या मार्गाने आलेल्या आहेत. रुईचे आणि आमरीचे (ऑर्किडचे) पराग गोळ्यांत चिकटून असतात, मात्र ही झाडे एकमेकांपासून फार दूरची आहेत. जास्वंद आणि सूर्यफूल या दोघांचेही कण काटेरी असतात, पण कुळे भिन्न. उलट सावरीचे कण त्रिकोणी, जाळीदार आणि बिनकाट्यांचे असूनही 1998 च्या वर्गीकरणापासून ती जास्वंदीच्याच कुळात गणली जाते. म्हणून खाचांची संख्या, कवचावरची नक्षी आणि कणांची जुळणी (सुटे की गोळ्यांत) या तिन्ही नोंदी प्रत्येक काचपट्टीसोबत वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात.