गिटारवर चित्र काढताना: नाशिकच्या हवेत टिकणारं रंगकाम

बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९६७ मध्ये आपली फिकट निळी स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, थोडक्यात स्ट्रॅट) स्वतःच्या हाताने फ्लोरोसंट रंगांनी रंगवली आणि हेडस्टॉकसाठी, म्हणजे तारा पिळायच्या वरच्या टोकासाठी, बायकोचं नेलपॉलिश घेतलं. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने काळ्या बॉडीवर मास्किंग टेपच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून पांढरा रंग मारला आणि टेप ओढून काढली. पुढे त्याच गिटारवर पुन्हा टेप लावून सायकलचा लाल रंग चढवला. जॉन स्क्वायरने तर आपल्या द स्टोन रोझेस या बँडच्या अल्बमची कव्हरं आणि गिटार एकाच पद्धतीने, रंगाचे शिंतोडे उडवून रंगवल्या. तिघांकडेही कारखाना नव्हता. हे काम घरी होतं. फक्त रंगाला वाळायला लागणारा वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक गिटार नेमक्या तिथेच बिघडतात.

गिटार सॉलिड (भरीव) बॉडीची इलेक्ट्रिक घ्या, नेक म्हणजे लांब दांडी स्क्रूंनी बसवलेली. अकूस्टिकच्या वरच्या फळीवर रंगाचे थर चढवू नका, फळीचं कंपन दबतं आणि आवाज बसतो. पावडर कोटिंग करून देणारे सातपूर-अंबडला भेटतील, पण ती भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. लाकूड तडकेल.

चित्र आधी कागदावर काढा. बॉडी ब्राउन पेपरवर ठेवून पेन्सिलीने छापा घ्या, मग पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पाटी), ब्रिज (तारा टेकतात तो खालचा भाग) आणि नॉबच्या जागा आत आखा. स्ट्रॅटच्या पुढच्या बाजूचा मोठा भाग पिकगार्डखाली जातो. ते न पाहता मध्यभागी काढलेला चेहरा प्लास्टिकखाली गाडला जातो. चित्राचा जीव वरच्या शिंगाजवळ, म्हणजे बॉडीच्या वरच्या टोकदार भागाजवळ, आणि खालच्या गोलाईत ठेवा. वरच्या कडेला जिथे कोपर टेकतं तिथे बारीक रेषा नकोत, घामाने आणि घासण्याने पहिली झीज तिथेच होते. पेठ-सुरगाण्याकडची वारली चित्रं या आकारावर फार सुंदर बसतात, कारण त्यांतली तारप्याची गोल रांग बॉडीच्या वळणाबरोबर फिरवता येते. फक्त गेरू आणि तांदळाचं पीठ इथे चालणार नाही, वरच्या लॅकरखाली त्यांची पकड राहत नाही. गेरूच्या छटेचा स्प्रे आणि वर पांढरं अॅक्रिलिक घ्या. मंचावरून दहा-पंधरा फुटांवर ठळक काळं-पांढरंच दिसतं, हेही लक्षात असू द्या.

आता गिटार उघडा. तारा सैल करून काढा, नेकचे चार स्क्रू काढा आणि पिकगार्ड उचलण्याआधी वायरिंगचे फोटो घ्या. जॅकच्या दोन वायरी आणि ब्रिजच्या स्प्रिंगांकडे जाणारी अर्थची वायर सोल्डर सोडवून मोकळी करा. २५ ते ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. नेक बसते तो खड्डा मास्किंग टेपने पूर्ण झाका. तिथे दोन-तीन थर जरी चढले तरी नेक घट्ट होते, आणि जबरदस्तीने बसवली की कडेचा रंग चिरतो. पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांच्या) खड्ड्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. आत काळा वाहक रंग असेल तर तो शिल्डिंगसाठी, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवण्यासाठी आहे. त्यावर स्प्रे बसला तर अर्थ तुटतो आणि गिटार गुणगुणते.

जुना रंग लाकडापर्यंत खरवडू नका. कारखान्याचा पॉली (पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर) थर चांगला पाया असतो. त्याची चमक मारायला ३२० आणि मग ४०० नंबरचा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासा. त्याआधी स्क्रूच्या भोकांत मेणबत्तीचं मेण भरा. भोकांतून पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती रंग उचलतो. कुठे लाकूड उघडं पडलंच तर तेवढ्या भागाला सँडिंग सीलर द्या. मग पुसा, वाळवा आणि नंतर बोट लावू नका, बोटाचं तेल रंग धरू देत नाही.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून राखाडी सरफेसर (रंगाआधीचा अस्तराचा थर) घ्या, दोन पातळ थर द्या, २४ तास वाळू द्या आणि ६०० नंबरने हलकं घासा. पायाचा रंग आणि वरचा लॅकर एकाच जातीचे असावेत. अॅक्रिलिकवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर असलेला लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुततो, आणि सगळं उतरवण्यावाचून उपाय राहत नाही. उलटा सांधा चालेल का, ते आधी टाकाऊ फळीवर बघा. कॅन २० ते २५ सेंमी दूर धरा. हात बॉडीच्या बाहेरून फिरवायला सुरुवात करा आणि बाहेरच थांबवा. चार-पाच पातळ थर, मध्ये १०-१५ मिनिटं. एकाच थरात रंग झाकण्याची घाई केली की ओघळ येतो.

नाशिकचं हवामान इथे निर्णायक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे करूच नका: लॅकर वाळताना थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी काम बंद. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होतं, रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो, म्हणून सकाळी आठच्या आसपास उरका. डिसेंबर-जानेवारीत दव आणि थंडी ओसरेपर्यंत, म्हणजे दहापर्यंत थांबा, आणि कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात कधीच नाही. दिवाळीनंतरचे काही आठवडे आणि फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. गच्चीवर वाऱ्यात स्प्रे नको. शेडमध्ये जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा, हवा खेळती ठेवा आणि ऑरगॅनिक व्हेपरचं काडतूस असलेला मास्क लावा. कापडी मास्कने वाफ थांबत नाही.

चित्रासाठी ट्यूबमधलं अॅक्रिलिक किंवा अॅक्रिलिक मार्कर वापरा. पोस्टर कलर पाण्याने पुन्हा सुटतो. फ्लोरोसंट रंगाखाली पांढरा थर हवाच, आणि फ्लोरोसंट रंग उन्हात लवकर फिका पडतो, म्हणून गिटार खिडकीत टांगू नका. पट्ट्या हव्या असतील तर टेपची कड नखाने दाबा आणि तिच्यावर आधी पायाच्याच रंगाचा पुसट थर मारा. कडेच्या फटीत तोच रंग भरतो आणि नवा रंग आत झिरपत नाही. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, मागे दुमडून हळू ओढा.

लॅकरचे पहिले दोन थर नुसता धुरळा बसावा इतके हलके मारा. ओला थर दिला तर मार्करची शाई पसरते. मग दोन-तीन दिवसांत आठ-दहा थर. टूके (दोन घटक मिसळून मारायचा) लॅकर जास्त टणक असतो, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहेत. तो गाड्या रंगवणाऱ्या पेंटरकडून, बूथमध्येच मारून घ्या.

यानंतर तीन ते चार आठवडे बॉडी टांगून ठेवा. वास येतो तोवर थर कच्चा आहे. मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने सुरू करून १५०० आणि २००० पर्यंत जा, शेवटी रबिंग कंपाउंड. कडांवर जेमतेम हात फिरवा, थर तिथेच फाटतो.

जोडणी करताना भोकांतला रंग खरवडून काढा आणि स्क्रूला साबण लावा, नाहीतर रंग फुलासारखा फुटून वर येतो. अर्थची वायर उघड्या धातूलाच टेकली आहे ना, हे मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकच्या बाहीदरम्यान (बाहेरच्या धातूच्या भागादरम्यान) तपासा. पहिले दोन महिने रबरी पॅडच्या स्टँडवर गिटार ठेवू नका, रबरातली रसायनं ताजा लॅकर मऊ करतात. पॅडवर सुती कापड बांधा.