पर्पलहार्टला हात घालण्याआधी

पर्पलहार्टची फळी कापली की आतून राखाडी-तपकिरी निघते. माल खराब नसतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे लाकूड हवा-उजेड लागला की काही दिवसांत जांभळं होतं. म्हणून मी कापलेले तुकडे सुटे उभे ठेवतो; एकावर एक रचले तर झाकलेला भाग फिकाच राहतो.

करवतीचं पातं कार्बाइडचंच, म्हणजे खूप कठीण दातांचं, लावा. बोथट पात्यानं रेटलंत तर लाकूड तापतं, आतला डिंक सुटून पात्याला चिकटतो आणि कडा करपते. राऊटरही (लाकडात खाचा पाडणारं यंत्र) एका दमात खोल नको, दीड-दोन मिलिमीटरचे हात मारा. तंतू उलटसुलट असल्यामुळे रंधा मध्येच चिपा उपटतो. तिथे सरळ स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पोलादी पट्टी, घ्या. कागदासारखी पातळ साल वळत निघाली तर धार बरोबर. नुसता भुसा पडला तर पुन्हा धार लावा.

स्क्रूसाठी आधी भोक पाडायचंच. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळी बसवा, नाहीतर डोकं तुटून हातात येतं. धूळ नाका-डोळ्यांना झोंबते, तेव्हा मास्क, चष्मा हवाच.

जांभळा रंग कायम टिकवणारं पॉलिश, या जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही. उन्हातले यूव्ही किरण रोखणारं फिनिश जांभळ्याचं तपकिरी होणं लांबवतं, थांबवत नाही. टेबल उन्हाच्या खिडकीशी जाणार असेल तर गिऱ्हाइकाला हे ऑर्डर घेतानाच सांगा.