सेप्टिक टँकचा उपसा आणि देखभाल : या चुका टाळा

सेप्टिक टँकचे झाकण बाजूला केल्यावर आत पाणीच पाणी दिसले की ‘टाकी भरली, गाडी बोलवा’ असे पटकन म्हटले जाते. चुकांची सुरुवात इथूनच होते, कारण नीट चालणारी टाकी कायम भरलेलीच असते. घरातून जितके मैलापाणी आत येते तितकेच पाणी दुसऱ्या टोकाच्या पाइपातून शोषखड्ड्याकडे निघून जाते आणि या पाइपाच्या तळाइतकी पाण्याची पातळी बारा महिने टिकून राहते. आज टाकी पूर्ण उपसली तरी काही दिवसांत पाणी पुन्हा त्याच पातळीला येते. उपसा करणाऱ्याने काम अर्धवट सोडले, हा संशय बरेचदा एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळेच घेतला जातो.

म्हणून टाकीत पाणी आहे का, हे न पाहता ते कोणत्या पातळीवर आहे हे पाहावे. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी पाणी टेकलेले असेल तर प्रवाह व्यवस्थित आहे. पातळी त्याहून वर चढलेली असेल तर पुढचा मार्ग तुंबला आहे किंवा शोषखड्ड्याने पाणी जिरवणे थांबवले आहे. घर नेहमीच्या वापरात असूनही पातळी पाइपाच्या बरीच खाली राहत असेल तर टाकीला तडा गेला आहे आणि कच्चे मैलापाणी थेट जमिनीत मुरत आहे, असे समजावे. या तिसऱ्या परिस्थितीची तक्रार कोणीच करत नाही, कारण घरात काहीच तुंबत नाही; जवळपास विहीर किंवा बोअर असेल तर मात्र सर्वांत मोठा धोका तिथेच असतो.

आमच्या घरच्या टाकीचा एका वर्षात तीनदा उपसा करावा लागला होता. प्रत्येक वेळी महिना-दोन महिने बरे जात आणि पुन्हा तळमजल्याच्या न्हाणीघरात पाणी उलटे येत असे. तिसऱ्या उपशाच्या वेळी पातळी खाली जात असताना मी बॅटरीचा झोत बाहेर जाणाऱ्या पाइपावर धरून ठेवला. टाकी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली तरी त्या पाइपातून काळसर पाण्याची धार उलट आत येत होती आणि ती बराच वेळ थांबली नाही. शोषखड्डा गच्च भरलेला होता आणि टाकी रिकामी होताच त्याचे पाणी परत टाकीत उतरत होते. पाइपाच्या तोंडाशी असलेला ‘टी’, म्हणजे खालचे टोक पाण्यात बुडवून तरंगता थर अडवणारा इंग्रजी T आकाराचा पाइपाचा तुकडा, केव्हातरी तुटून पडल्यामुळे वर तरंगणारा चरबीचा थर थेट खड्ड्यात गेला होता आणि खड्ड्याच्या भिंतींवरची माती बुजली होती. आम्ही वर्षभर रोग सोडून लक्षणावर उपचार करत होतो. उपशाच्या वेळी मालकाने हजर राहून सुरक्षित अंतरावरून त्या पाइपाकडे लक्ष ठेवावे, असे मी तेव्हापासून सर्वांना आवर्जून सांगतो.

घरात पाणी तुंबले की सगळा दोष टाकीवर ढकलणेही तितकेच चुकीचे आहे. एकच बेसिन किंवा एकच संडास तुंबत असेल तर अडथळा त्याच्याच पाइपात असतो आणि त्यासाठी प्लंबर पुरेसा असतो. घरातली सगळी ठिकाणे एकदम मंदावली, सर्वांत खालच्या मजल्यावर पाणी उलटे येऊ लागले आणि संडासात गुडगुड आवाज होऊ लागला, तर मुख्य लाइन, टाकी किंवा शोषखड्डा तपासावा लागतो. अशा वेळी टाकीतली पातळी पाहिली की उत्तर मिळते. पातळी नेहमीची असेल तर घर आणि टाकी यांच्यामधली लाइन तुंबलेली असते. पातळी चढलेली असेल तर अडचण टाकीच्या पुढे असते.

गाळ मोजल्याशिवाय उपसा ठरवू नका

टाकीत मैलापाणी साधारण एक-दोन दिवस स्थिर राहावे, अशा बेताने तिचा आकार ठरवलेला असतो. या मुक्कामात जड भाग तळाशी बसून गाळ होतो, तेल आणि चरबी वर येऊन त्यांची जाड साय धरते आणि मधले तुलनेने निवळ पाणी बाहेर पडते. तळाच्या गाळाचा काही भाग जिवाणू प्राणवायूशिवाय कुजवतात, परंतु सगळा नाही. उरलेला गाळ वर्षानुवर्षे साचत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि न निवळलेले पाणी घाण घेऊन शोषखड्ड्यात उतरू लागते. या काळात घरातला फ्लश अगदी व्यवस्थित चालतो, आणि ‘काही त्रास नाही, मग कशाला हात लावायचा’ या विचाराने होणारे नुकसान म्हणूनच सर्वांत मोठे असते. अंगणात घाण पाणी वर येते त्या दिवशी टाकी रिकामी करता येते, पण मातीची बुजलेली छिद्रे मोकळी करता येत नाहीत. बहुतेक वेळा नवा खड्डाच घ्यावा लागतो.

घरगुती टाकीचा उपसा सर्वसाधारणपणे दर ३ ते ५ वर्षांनी करावा, असे सांगितले जाते. हा केवळ अंदाज आहे. माणसे जास्त आणि टाकी लहान असेल, किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा दळून त्याच लाइनीत सोडला जात असेल, तर ३ वर्षेही फार होतात. दोघांच्या घरात मोठी टाकी असेल तर ५ वर्षांनीही उपशाची गरज नसते. वर्षातून एकदा मोजून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे आणि त्याला महागडे साधन लागत नाही. टाकीच्या खोलीपेक्षा लांब अशी एक सरळ काठी घ्यावी, तिच्या खालच्या मीटरभर भागावर जुन्या पांढऱ्या टॉवेलची पट्टी घट्ट गुंडाळून बांधावी आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळ, वरची साय बाजूला सारून, ती हळूच तळापर्यंत सोडावी. दोन-तीन मिनिटे तशीच धरून सावकाश वर काढली की टॉवेलच्या धाग्यांत काळे कण अडकलेले दिसतात आणि एका ठिकाणी ती काळी पट्टी स्पष्ट संपते. तळापासून त्या रेघेपर्यंत जितके अंतर, तितका गाळ. गाळाचा माथा बाहेर जाणाऱ्या ‘टी’च्या खालच्या टोकापासून ३० सेंटीमीटरच्या आत आला असेल, किंवा वरच्या सायीचा तळ त्या टोकापासून १५ सेंटीमीटरच्या आत आला असेल, तर उपसा पुढे ढकलू नये. ‘टी’चे टोक सापडत नसेल तर गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत पोहोचली की गाडी बोलवावी. मोजताना हातमोजे घालावेत, सोबत दुसरी व्यक्ती असावी, झाकणाच्या तोंडावर वाकू नये आणि आसपास काडी पेटवू नये.

उपशाच्या दिवशी

घाईच्या कामात नळी वरवर सोडून पातळ पाणी ओढून घेतले जाते आणि ज्याच्यासाठी गाडी बोलावली तो गाळ तळाशी तसाच राहतो. उपसा मोठ्या झाकणातूनच व्हावा. लहान तपासणी पाइपातून नळी घातली तर कोपऱ्यांतला गाळ निघत नाही आणि आतला ‘टी’ तुटण्याची भीती असते. गाळ घट्ट बसलेला असेल तर ओढलेले पाणी जोराने परत सोडून तो ढवळावा लागतो आणि मग ओढावा लागतो. टाकी दोन कप्प्यांची असेल तर दोन्ही कप्पे उपसले जातील हे पाहावे. दुसऱ्या कप्प्याचे झाकण सापडत नाही म्हणून तो वर्षानुवर्षे न उपसलेल्या टाक्या कमी नाहीत.

टाकी रिकामी असते तेव्हाच तिची तपासणी होऊ शकते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपांचे ‘टी’ जागेवर आहेत का, मधल्या भिंतीला भगदाड पडले आहे का, तडे आहेत का, हे वरूनच बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे आणि दिसलेले सगळे तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या उपशाच्या वेळी हा कागद फार उपयोगी पडतो. रिकामी टाकी फिनेल, ब्लीच किंवा ॲसिड टाकून घासून काढण्याची मागणी मात्र करू नये, त्याने काहीही साधत नाही. उलट, ‘जिवाणूंसाठी थोडा जुना गाळ ठेवावा लागतो’ असे सांगून बराच गाळ मागे ठेवला जात असेल तर तेही मान्य करू नये, कारण रोजच्या मैल्यातून जिवाणू भरपूर येत असतात.

ज्या जमिनीत भूजल वर आलेले असते तिथे ऐन पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करणे धोक्याचे आहे. हलकी प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी आतले वजन गेल्यावर भूजलाच्या दाबाने वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसा कोरड्या दिवसांत करावा. नाइलाज असेल तर तुंबलेले मोकळे होण्यापुरताच करावा. गाडीतला मैला कुठे नेणार हे विचारणे मालकाचे कर्तव्य आहे. तो प्रक्रिया केंद्रात जायला हवा. नाल्यात किंवा मोकळ्या जागेत ओतलेला मैला कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात उतरतो.

टाकीत काय जाते

ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर, कापूस, सिगारेटची थोटके, उरलेला रंग, जुनी औषधे आणि वापरलेले तेल यांपैकी काहीही संडासात किंवा सिंकमध्ये टाकू नये. पाकिटावर ‘फ्लश करता येते’ असे छापलेले असले तरी वाइप्स टाकीत विरघळत नाहीत.

पाणी हा याहून दुर्लक्षित विषय आहे. गळका फ्लश दिवसाला शेकडो लिटर पाणी टाकीत सोडू शकतो आणि त्या सततच्या प्रवाहात गाळ खाली बसतच नाही. फ्लशच्या टाकीत खाद्यरंगाचे काही थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबावे; फ्लश न करताही भांड्यात रंग उतरला तर झडप गळते आहे. आठवड्याचे सगळे कपडे एकाच दिवशी मशीनमध्ये धुण्याऐवजी ते विभागून धुवावेत. गच्चीचे पावसाचे पाणी या टाकीत कधीही सोडू नये.

टाकी साफ ठेवणारी पावडर किंवा द्रव मिळतो आणि तो टाकला की उपसा लागत नाही, असा समज पसरलेला आहे. ‘सेप्टिक’ या शब्दाचा अर्थच कुजण्याशी संबंधित आहे आणि ते काम करणारे जिवाणू टाकीत आधीपासून असतात. बाहेरून घातलेल्या मिश्रणामुळे उपसा टळत नाही. ज्या रसायनांनी गाळ सुटा होतो ती तर अधिक वाईट, कारण सुटलेला गाळ शोषखड्ड्यात जाऊन बसतो.

जमिनीवरच्या चुकाही सांगायला हव्यात. शोषखड्ड्यावर गाडी उभी केल्याने माती दबते, फरशी घातल्याने बाष्पीभवन आणि हवा थांबते, आणि मोठ्या झाडांची मुळे पाण्याच्या शोधात थेट पाइपात शिरतात. टाकीच्या झाकणावर टाइल्स बसवणे ही तर हमखास पश्चात्ताप करायला लावणारी चूक आहे. झाकणाची जागा घराच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून नकाशावर टिपून ठेवावी.

आत कोणीही उतरू नये

या विषयात एकच चूक अशी आहे की ती दुरुस्त करता येत नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साठलेले असतात आणि प्राणवायू अपुरा असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून ‘वास गेला, आता हरकत नाही’ असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात त्याचे प्रमाण हवेत १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की काही मिनिटांतच नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. ७०० पीपीएमच्या पुढे एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. झाकण तासभर उघडे ठेवले किंवा आत जळती मेणबत्ती सोडून पाहिली म्हणजे खात्री झाली, हा समजही जीवघेणा आहे. गाळात अडकलेला वायू पाय पडताच एकदम बाहेर येतो, आणि मिथेनचे हवेतले प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ती मेणबत्तीच स्फोट घडवते.

तोंडाला रुमाल बांधून, पैसे वाढवून देऊन किंवा ‘दोन मिनिटांचे काम आहे’ असे सांगून कोणालाही आत उतरवू नये आणि स्वतःही उतरू नये. आत कोणी पडले तर मागोमाग उडी घेऊ नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघेही त्याच टाकीत दगावतात, हे वारंवार घडले आहे. लगेच अग्निशमन दलाला बोलवावे, शक्य असेल तर पंख्याने किंवा ब्लोअरने बाहेरूनच ताजी हवा आत सोडावी, आणि दोर टाकल्यास तो वरूनच ओढावा.

गाडी निघण्यापूर्वी झाकण पुन्हा नीट बसले आहे का, ते हलते का, त्याला तडा गेला आहे का, हे मालकाने स्वतः तपासावे. गंजलेले किंवा तडकलेले झाकण त्याच दिवशी बदलावे आणि तोवर त्यावर जड फळी टाकून भोवती अडथळा उभा करावा, कारण मुले खेळताना अशाच झाकणावर चढतात.