कॉर्सेट शिवायला शिकताय? आधी कापड ओढून बघा

लग्नसराईत आता कोल्हापुरातही कॉर्सेट ब्लाऊज मागतात. त्यातले बरेचसे नावालाच कॉर्सेट असतात. पॅडेड ब्लाऊज, चार प्लास्टिकच्या पट्ट्या, मागे नाडी. फोटोत झकास दिसतं, पण कंबर सूतभरही आत जात नाही.

शिकायला येणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, बोन कुठलं घालू?" बोन म्हणजे कॉर्सेट ताठ ठेवणारी आतली पट्टी. तिचं नंतर बघू. कंबर आवळतं ते कापड. ते कमरेशी चुरगळून गोळा होऊ नये, एवढंच बोनचं काम.

युरोपात यासाठी कूटिल नावाचं घट्ट विणीचं सुती कापड वापरतात. मी इचलकरंजीचं जाड ड्रिल घेते, दुहेरी. दुकानातच वीतभर कापड दोन्ही हातांत धरून ओढा, आधी उभ्या धाग्यात, मग आडव्या. जी बाजू कमी ताणते ती कमरेभोवती यायला हवी. ड्रिलमध्ये ती बहुतेकदा उभ्या धाग्याची निघते, म्हणजे कळ्या (कॉर्सेटचे उभे तुकडे) कापडावर आडव्या मांडाव्या लागतात. कापड जास्त लागतं, लागू दे. उरेबात, म्हणजे तिरक्या धाग्यात, मात्र एकही कळी नको. आतून कमरेच्या रेषेवर इंचभर रुंदीची न ताणणारी ट्विल टेप घाला. खरा ओढा तीच सोसते.

मापाला ब्लाऊजची सवय आडवी येते, हात आपोआप ढिलाई सोडतो. इथे उलटं आहे. कंबर 30 इंच असेल तर पहिल्या कॉर्सेटला 3 इंच आवळणं पुष्कळ झालं. राहिले 27. मागे नाडीच्या जागी 2 इंच फट ठेवायची, म्हणजे शिवून तयार कॉर्सेट 25.

आधी मांजरपाटाचं कच्चं शिवा, त्यात तात्पुरती बोन घाला आणि गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवा. उभं राहून सगळं छानच बसतं. बसल्यावर पुढचं टोक मांडीत रुतलं की किती छाटायचं ते कळतं. आणि पंगतीत तांबडा-पांढरा असेल तर नाडी सैल करायला मैत्रीण जवळ ठेव, हे मी नवरीला आधीच सांगून ठेवते.

आता बोन. सपाट स्टीलची पट्टी फक्त मागे-पुढे वाकते, म्हणून ती आयलेटच्या (नाडी ओवायच्या धातूच्या कडीच्या) दोन्ही बाजूंना. स्पायरल स्टील चारी अंगांनी वळतं, ते वळणाच्या शिवणींवर. प्लास्टिकची पातळ पट्टी अंगाच्या उबेने वाकते आणि तशीच राहते. सरावापुरते रुंद केबल टाय चालतात, टोकं गोल घासून. बोन ते ज्यात सरकवायचं त्या खोबणीपेक्षा सेंटीमीटरभर आखूडच हवं, नाहीतर पहिल्या वापरातच कापड फाडून बाहेर येतं.

आयलेट वॉशरवालीच, म्हणजे मागून चकती बसणारी, घ्या. भोक पाडताना कापड कापू नका, चप्पल शिवणारे वापरतात तसल्या आरीने धागे बाजूला सारा. कापलेलं भोक नाडीच्या ओढीने उसवतं आणि आयलेट निखळून हातात येते.