आडव्या बाटलीच्या मतदानाआधी: गावातल्या बायकांसाठी तयारीची यादी

गावातलं देशी दारूचं दुकान उठवायचं असं बायकांनी ठरवलं की बहुतेक ठिकाणी आधी मोर्चा निघतो, मग दुकानाच्या दारात ठिय्या, मग चार बाटल्या फुटतात आणि गुन्हा बायकांवरच दाखल होतो. परवान्याचं दुकान असं बंद होत नाही. त्याला सरकारनं रीतसर अनुज्ञप्ती दिलेली असते आणि ती रीतसरच काढून घ्यावी लागते. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळकडच्या बचत गटांच्या बायका विचारायला येतात तेव्हा मी जे तोंडी सांगते, ते इथे एकदा सलग लिहून ठेवते.

सगळ्यात आधी कायद्याचा कागद हातात घ्या. महाराष्ट्रात दारूचा सगळा कारभार 1949 च्या दारूबंदी अधिनियमावर चालतो, आणि गावातली दुकानं मतदानानं बंद करण्याची वाट 25 मार्च 2008 च्या शासन आदेशानं मोकळी केली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर जिल्हाधिकारी दुकान बंद करण्याचा आदेश काढतात. सगळ्या मतदारांच्या वतीनेही अशी मागणी करता येते, पण माझं मत विचाराल तर महिलांचंच मतदान मागा. आदेशात वेळोवेळी बदल होतात, म्हणून राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून आज लागू असलेल्या आदेशाची प्रत मागून घ्या आणि अर्ज तिच्या शब्दांना धरूनच लिहा.

आता त्या 'एकूण' शब्दावर थांबा, कारण सगळं गणित तिथंच आहे. समजा यादीत 1200 बायका आहेत. मागणीला 300 सह्या पुरतात, पण जिंकायला 601 मतं लागतात, मग मतदानाला 700 जणी येवोत की 1100. घरी बसलेली बाई, लग्न होऊन पंढरपूरला गेलेली पोरगी, दोन वर्षांपूर्वी वारलेली आजी, या सगळ्यांची नावं यादीत असली तर त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूच्या धरा. दुकानदाराला एकही मत मिळवावं लागत नाही. त्यानं बायकांना घरात थांबवलं की झालं.

म्हणून अर्जाच्या आधी, घोषणांच्या कितीतरी आधी, मतदार यादी. तहसीलमधून किंवा बीएलओकडून (गावातल्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) ताजी यादी घ्या आणि आळीआळीनं बसून प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं लिहा: गावात आहे, सासरी गेली, वारली, पुण्याला कामाला, ऊसतोडीला. मयत आणि कायमचं गाव सोडलेल्यांची नावं कमी करायला नमुना 7 लागतो. नवीन सुनांची नावं घालायला नमुना 6, आणि सून दुसऱ्या गावच्या यादीत असेल तर पत्ता बदलायला नमुना 8. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात दोन-तीन महिने सहज जातात, आणि याच कामावर दुकान बंद होतं किंवा होत नाही. यादीतून शंभर मेलेली नावं गेली तर पन्नास मतं कमी लागतात. एवढा फायदा कुठलीही सभा घेऊन मिळत नाही.

वेळ कोणती धरायची हेही यादीतूनच कळेल. आपल्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. जानेवारीत सोलापूर शहरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची काढणी, आषाढात वारी. उरतो एप्रिल-मे. ऊन भाजून काढतं, पण बायका गावात असतात. तारीख ठरवणं प्रशासनाच्या हातात असलं तरी काढणी आणि वारी टाळून तारीख द्या, अशी विनंती अर्जासोबत लेखी द्यायला काहीच हरकत नाही.

दुकानाची माहितीही कागदावर हवी. गावात देशीचं दुकान आहे, बिअर शॉपी आहे, की परमिट रूमसुद्धा? प्रत्येकाची अनुज्ञप्ती वेगळी असते. कुणाच्या नावावर आहे, कुठल्या गट क्रमांकात आहे, नूतनीकरण कधी झालं, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला 10 रुपये फी आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनुज्ञप्तीचं वर्ष 31 मार्चला संपतं, तेही ध्यानात असू द्या. मागणीच्या अर्जात गावातली सगळी दुकानं नावानिशी लिहा. काही गावांत दुकान अचानक गावाच्या आत का आलं तेही या माहितीतून उलगडतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये महामार्गालगतच्या 500 मीटरच्या पट्ट्यातली दारूविक्री बंद करायचा आदेश दिला, तेव्हा हैदराबाद रस्त्यावरची, पुणे रस्त्यावरची कितीतरी दुकानं नवीन जागा शोधू लागली.

ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा, वजन पडतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानंच सांगितलेलं आहे. ती खरोखर भरवा, कागदोपत्री नको, आणि इतिवृत्तात विषय लिहून घ्या. सरपंच टाळाटाळ करत असेल तर वाद घालत बसू नका. विषय लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला कागद दिलाच नाही असं समजा.

सह्या गोळा करताना घाई नको. प्रत्येक ओळीत यादीतला अनुक्रमांक, यादीत आहे तसंच नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि मग सही किंवा अंगठा. गावात सगळ्या जिला शांताबाई म्हणतात तिचं यादीत वेगळंच नाव निघतं, कुणाचं अजून माहेरचं आडनाव असतं. पडताळणीला अधिकारी गावात येतात, अर्जावरच्या बायकांना एकेक करून समोर बोलावतात आणि ओळख पटवतात. नाव जुळलं नाही किंवा बाई हजरच नसली तर ती सही गेली. म्हणून 300 लागत असतील तर 450 करा. अंगठ्याचा ठसा उठत नाही ही कामकरी बायकांची कायमची अडचण आहे. कांदा काढणारीच्या, विड्या वळणारीच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नसतात. तिला आदल्या रात्री हाताला तेल लावून झोपायला सांगा, सकाळी हात कोमट पाण्यानं धुवायला सांगा, आणि पडताळणीच्या जागी ओला रुमाल ठेवा.

अर्ज दिला की गावात दबाव सुरू होतो. नवरा म्हणतो तुला काय पुढारी व्हायचंय, दीर म्हणतो दुकानदार आपल्या भावकीतला आहे, बचत गटाचा हप्ता अडवायची भाषा होते, आणि मतदानाच्या आदल्या रात्री साडी नाहीतर पाकीट दारात येतं. त्यासाठी प्रत्येक आळीत चार-चार बायकांचा गट आधीच बांधा, एकटीनं कुणी दुकानाकडे जायचं नाही, आणि धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करायची. हे बायकांचं खूळ आहे असं कुणी चावडीवर म्हणालाच, तर त्याला सोलापूरचा इतिहास सांगा. 8 मे 1930 ला, इंग्रजांच्या राज्यात, रूपाभवानी मंदिराच्या बाजूची शिंदीची झाडं (जिच्या रसाची दारू होते ती) तोडायला लोक निघाले होते. गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला, पुढे शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि चार जण फासावर गेले. त्यांचे पुतळे आपण रोज बघतो. दारूच्या उत्पन्नावर चालणाऱ्या सरकारला या शहरानं तेव्हाच नाही म्हटलं होतं, आणि आज तर राज्यघटनेचं कलम 47 सरकारनंच दारूबंदीच्या दिशेनं जावं असं सांगतं.

मतदानाची रंगीत तालीम मात्र कुणीही टाळू नका, ही या यादीतली मला सगळ्यात कळकळीची गोष्ट. वहीच्या कागदावर दोन बाटल्या काढा, एक उभी, एक आडवी, आणि बायकांना शिक्का मारायला लावा. एका गावात मंदिराच्या कट्ट्यावर आम्ही ही तालीम घेतली. पासष्टीच्या एक मावशी आल्या, ज्यांचा मुलगा दारूनंच गेला होता. त्यांनी शिक्का घेतला आणि उभ्या बाटलीवर इतक्या जोरानं दाबला की कागद फाटला. म्हणाल्या, "हिच्यावरच फुली मारायची ना? हिनंच घर खाल्लं." त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तिघी-चौघीही तेच करणार होत्या. दारूवर राग म्हणजे उभ्या बाटलीवर फुली, हे त्यांच्या दृष्टीनं अगदी सरळ होतं. त्या दिवसापासून आम्ही वाक्यच बदललं. बाटली बंद करा असं सांगत नाही, "जी पडलेली आहे तिच्यावर शिक्का" एवढंच सांगतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या ज्या घरांत कन्नड बोलतात तिथं कन्नड बोलणारीच बाई पाठवा, बंजारा तांड्यावर त्यांची गोरमाटी बोलणारी. सांगणारी बाई घरातली वाटली पाहिजे. मत बाद कसं होतं तेही दाखवा: दोन्ही चित्रांवर शिक्का, मधल्या रेषेवर शिक्का, सही, अंगठा.

मतदानाच्या दिवसाची वाटणी आदल्या आठवड्यातच लिहून काढा. कोणत्या वस्तीवर कुणाची जीप जाणार, म्हाताऱ्या आणि बाळंतिणी कुणासोबत येणार, रोजंदारीवर जाणाऱ्यांनी मुकादमाशी सकाळच्या दोन तासांची सुट्टी कधी बोलायची. ओळखपत्र हरवलेल्यांचे दुसरे पुरावे आधीच तपासा. केंद्राबाहेर पाणी आणि सावली हवी. मेच्या उन्हात अकरानंतर रांग मोडते, म्हणून शक्य तितकी मतं त्याआधी पाडून घ्या. एका बाईनं यादी घेऊन बसायचं आणि आलेल्या नावावर खूण करत जायचं. दुपारी एक वाजता राहिलेल्या नावांची चिठ्ठी प्रत्येक आळीच्या गटाकडे गेली पाहिजे. मोजणीला तुमच्या बाजूच्या बायका हजर राहतील यासाठी नावं आधी कळवा, आणि निकालाच्या कागदाची प्रत मागा.

दुकान बंद झाल्यावरची तयारीही याच वहीत असू द्या, नाहीतर आठ दिवसांत हातभट्टी सुरू होते. काळा गूळ आणि नवसागर कुठून येतो, रसायनाची (दारूसाठी आंबवलेल्या गुळाच्या पाण्याची) पिंपं कुणाच्या शेतात पुरलेली आहेत, हे गावातल्या बायकांना पोलिसांच्या आधी कळतं. ग्रामरक्षक दल स्थापन करण्याची तरतूद कायद्यात आता आहे. त्याचा विषय निकालानंतरच्या पहिल्याच ग्रामसभेत घ्या आणि दलात बायका बसवा. भट्टीवाल्यावर दारूबंदी कायद्याच्या कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायला लावता येतं, आणि वारंवार गुन्हे करणाऱ्याला स्थानबद्ध करण्यासाठी 1981 चा वेगळा कायदा आहे. पण भट्टीवर पोट असलेल्या घराला नुसती कारवाई पुरत नाही. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी 'ऑपरेशन परिवर्तन' राबवलं ते याच विचारानं: छापे चालू ठेवायचे आणि सोबत त्या कुटुंबांना दुसरा धंदा उभा करून द्यायचा. तुमच्या गावात अशी दोन-तीन घरं असतील तर त्या घरच्या बायकांना मतदानाच्या आधीच बचत गटात घ्या. शिलाई मशीन, शेळी, चटणी-पापड, जे जमेल त्याच्या कर्जाचा अर्ज त्यांच्या नावानं भरा. त्यांचं मतही त्या 601 मध्ये हवंच आहे.